बुवांचा झोपाळा

माझ्या हातचं झाड मरत नाही! मसोलीत कुणालाही विचारा. आणि त्यातही ते स्नेक प्लांट! आमच्याकडे कामाला येणारी जमना त्याला सरळ 'सापाचं झाड' म्हणते. त्याला पाणी घालायला विसरा, उन्हात ठेवायला विसरा, ते पोलीसपाटलासारखं ताठ उभंच. आमच्या ह्यांनी एकदा बोंबील धुतलेलं पाणी त्यात ओतलं, तर पिल्लं कुंडी फोडून बाहेर! मी ती काढायची, रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावायची. असं करता करता ओट्यावर एवढी दाटी झाली, की झोपाळा हलेना.

आणि दत्तजयंतीला तलासरीचे बुवा कीर्तनाला येणार होते. नंतर चहा आमच्याकडे! बुवा आपल्या झोपाळ्यावर टेकलेत आणि मी खाली बसून ऐकतेय, एवढंच तर मागणं होतं माझं देवाकडे.

"टेकतील कुठे? त्या टोकांवर?" हे म्हणाले.

मग काय! पावसाच्या तोंडावरच मी झाडं वाटायला काढली. शेजारच्या विनिताला, हिरकणीकाकूंना, जमनाला, चिंचणीच्या नणंदेला. अच्छाडला चहाला थांबलो, तर ढाबेवाल्यालासुद्धा!

"ह्याचं करायचं काय, सुनिताताई?" विनिताने विचारलं.

"काहीच नाही."

"मग जमेल मला!"

ओटा मोकळा झाला. झोपाळ्याच्या कड्यांना तेलपाणी केलं. त्या आनंदात मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि ठणकावून म्हणाले, "यंदा हारतुरे नकोत! बुवांचा सत्कार रोपं देऊन करायचा!" टाळ्यांचा कडकडाट! पर्यावरण म्हटलं की आमच्याकडे हल्ली सगळ्यांनाच पटतं.

कीर्तन काय रंगलं म्हणून सांगू! पूर्वरंगातच बुवा झांज थांबवून म्हणाले, "बाबांनो, हात सैल सोडून द्या. दिलेलं दुणावून परत येतं!" सगळ्यात मोठी टाळी माझी.

मग सत्कार. विनिता पुढे आली. हातात माझा निळा डबा! मागे हिरकणीकाकू, त्यांच्याकडे पिवळा डबा. जमनाकडे दोन. नणंद चिंचणीहून रिक्षा करून आली होती, रिक्षाभर! ढाबेवाल्याने तर पानांना लाल रिबीन बांधली होती.

"वहिनी, काहीच केलं नाही तरी एवढी झाली!" नणंद कौतुकाने म्हणाली.

बुवांचा नुसता फेटा दिसत होता.

"माउली," पानांआडून आवाज आला, "मी मोटारसायकलवर आलोय. ही कशी नेऊ?"

"सुनिताताईंकडे ठेवा!" अख्खा मंडप एका सुरात. "त्यांच्या हातचं झाड मरत नाही!"

बुवा चहाला येईपर्यंत मंडळातल्या मनिषने टेम्पोतून सगळे डबे आमच्या ओट्यावर उतरवलेसुद्धा. झोपाळ्यावर रिबीनवालं झाड बसलं होतं. बुवांनी पायरीवर उभ्यानेच कप रिकामा केला, "आनंदी राहा" म्हणाले आणि किक मारली.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "दुणावून हं!"

जाऊ दे. पण काय हो, तुमच्या गॅलरीत एखादा कोपरा रिकामा असेल ना? बघा बाई. पाणीसुद्धा घालावं लागत नाही!