उजव्या वळणाचा आवाज

ऐकण्याची शक्ती माणसाला जन्मतः मिळते. न ऐकण्याची मात्र कष्टाने कमवावी लागते. या दुसऱ्या विद्येत एका निवृत्त ग्रंथपालांनी अकरा महिन्यांत जी प्रगती केली, तिची कुठेतरी नोंद व्हायला हवी.

ग्रंथपालांची गाडी उजवीकडे वळताना पुढच्या चाकापाशी कट्-कट् करी. सरळ जाताना नाही, डावीकडे वळताना नाही. यावरून ग्रंथपालांनी निष्कर्ष काढला की दोष गाडीत नसून उजवीकडे आहे. त्यांनी उजवीकडे वळणे बंद केले. एका उजव्या वळणाऐवजी तीनदा डावीकडे वळले की माणूस त्याच दिशेला लागतो, हे त्यांनी वहीत आकृती काढून सिद्ध केले. दीड किलोमीटरवरचा बाजार चारवर गेला. वाचनालयातून घरी परत येता येईना (म्हणजे येई, पण जेवण गार झाल्यावर).

"अहो, शेजारचे विचारत होते," पत्नी एकदा म्हणाली, "तुमचे हे सकाळपासून गल्लीत काही शोधताहेत का?"

असे सगळे सुरळीत चालले असताना त्यांच्या मुलीला मुलगी झाली. लेक डोंगरावरच्या गावात राहत होती. जावयाची रजा शनिवारी संपत होती आणि त्या संध्याकाळच्या आत आजी-आजोबांनी पोहोचायचे ठरले होते. डोंगराच्या रस्त्याला बासष्ट वळणे होती. त्यांतली उजवी एकतीस (नकाशावर भिंगाने मोजून, पैकी दोन वादग्रस्त).

"प्रत्येक वळणाला तीनदा डावीकडे फिरणार का?" पत्नीने विचारले. "एका बाजूला दरी आहे, म्हणून विचारते."

"गॅरेजमध्ये जाणारच आहे मी."

"वर्षभर ऐकतेय. शुक्रवारपर्यंत नाही झालं तर मी बसनं जाईन. तुम्ही या सावकाश, डावीकडून."

यात अवघड ते काय, असे ज्यांना वाटेल त्यांना गॅरेजची कार्यपद्धती माहीत नसावी. मिस्त्री विचारतात, "कसा आवाज येतो?" आणि गिऱ्हाइकाला तो तोंडाने काढून दाखवावा लागतो. चारचौघांत. ग्रंथपालांनी नोकरीची चौतीस वर्षे लोकांना शांत बसवण्यात घालवली होती (तेही स्वतः न बोलता, ते भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत).

तेव्हा त्यांनी चार पानांचे निवेदन तयार केले : 'प्रस्तुत आवाजाचे स्वरूप, वारंवारिता व संभाव्य कारणे', सोबत परिशिष्ट. शिवाय खबरदारी म्हणून न्हाणीघरात दार लावून सरावही केला. तिसऱ्या दिवशी पत्नीने दाराबाहेर गुळण्यांसाठी मिठाचे कोमट पाणी ठेवले.

गुरुवारी ते गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी निवेदनाचे पहिले पान वाचले, परिशिष्टाला हात पुसले आणि म्हणाले, "काका, लिहिलंय झकास. आता आवाज काढा."

ग्रंथपालांनी काढला.

"जरा मोठ्यानं. ग्राइंडर चालू आहे."

त्यांनी डोळे मिटून पुन्हा काढला. बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले एक गृहस्थ उठले आणि स्वतःच्या गाडीखाली वाकून बघू लागले.

मिस्त्रींनी चाक वळवून आत बॅटरी मारली. चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाशी एक सांधा असतो आणि त्यावर भात्यासारखा घड्या घड्यांचा रबरी बूट.

"हा बूट फाटलाय. ग्रीस सगळं बाहेर, वाळू आत. सांधा खाल्ला तिनं. सुरुवातीलाच आला असतात तर नुसत्या बुटावर भागलं असतं." मग ते पलीकडे गेले. "इकडचा बूटही चिरलाय, डावीकडे वळून वळून. काका, एवढं डावीकडे तुम्ही जाता तरी कुठं?"

ग्रंथपालांनी हा प्रश्न ऐकला नाही. "हे तर तुम्ही नुसतं बघून सांगितलंत," ते म्हणाले. "मग आवाज कशाला काढायला लावलात?"

"आवाजावरून गाडीचं कळत नाही, मालकाचं कळतं. नवा आवाज कुणालाच धड काढता येत नाही. ज्याला हुबेहूब जमतो, तो बरेच महिने ऐकून गप्प बसलेला असतो." मिस्त्रींनी पाना उचलला. "तुमचा फारच छान जमला."

शुक्रवारी एक सांधा आणि दोन बूट नवे बसले. शनिवारी गाडी बासष्ट वळणे मुकाट्याने चढली (वादग्रस्त दोन्ही उजवीच निघाली). पत्नी सगळी वाट झबली मांडीवर घेऊन बसली होती. ऊन उतरायच्या आत ते लेकीच्या दारात होते.

लेकीचे घर वरच्या मजल्यावर. जिन्यात पुढे पत्नी, मागे पिशव्या घेतलेले ग्रंथपाल. चौथ्या पायरीवर पत्नीच्या गुडघ्यात कट् झाले. पाचवीवर पुन्हा.

ग्रंथपाल थांबले. "हे कधीपासून?"

"झालं दीड वर्ष."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात?" कठडा धरून पत्नी म्हणाली. "एकाच घरात तर राहतो आपण."

वरून बाळाचे रडणे ऐकू आले आणि ती पुढच्या पायऱ्या भराभर चढून गेली. ग्रंथपालांनी जिन्यातच, कोणी नाही असे पाहून, तो गुडघ्याचा आवाज तोंडाने काढून पाहिला. पहिल्याच प्रयत्नात जमला.

वाचकांनीही, घरात दुसरे कोणी राहत असल्यास, त्या व्यक्तीचा एखादा आवाज काढून पाहावा. न जमल्यास काळजीचे कारण नाही.