बोकडाचं पुढे काय झालं

पुस्तकबाईंनी साहेबांकडे पाचच मिनिटं मागितली होती, आणि त्या पाच मिनिटांत आपण त्या सिनेमाची सालटी काढणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

वाचनालयाच्या बालविभागात त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती. मुलं त्यांना पुस्तकबाई म्हणत. बाकीचे कर्मचारी तिखटबाई म्हणत, पण त्या जिना उतरून गेल्याची खात्री करून. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर कायम बसलेला असे. पान दुमडलेलं दिसलं की राग, पुस्तक पालथं घातलेलं दिसलं की राग, आणि कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटलं तर त्या दिवशी त्या विभागात पाखरूसुद्धा फिरकत नसे. पण हे सगळे किरकोळ, रोजच्या वापरातले राग. खरा मुरलेला, बरणीत झाकून ठेवलेला राग एकाच गोष्टीवर होता, तो म्हणजे बोकडाचा सिनेमा.

तो जुना कार्टून सिनेमा आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी पाहिलेला. मूळ पुस्तक त्याहून जुनं. शिंप्याची एक मुलगी बापाची हरवलेली सुई शोधायला ढगांच्या राज्यात जाते आणि तिच्याबरोबर एक म्हातारा बोकड असतो. हा बोकड भयंकर कटकट्या. ऊन लागलं तरी कुरकुर, सावली आली तरी कुरकुर. तोंडातून एक गोड शब्द नाही, पण तिची पाठ म्हणून सोडत नाही. सिनेमावाल्यांनी काय करावं? त्याला पिवळी टोपी घातली आणि नाचायला लावलं. बरं, तेही बाईंनी एक वेळ पोटात घातलं असतं. पण शेवट? शेवटी ढगांच्या राज्याचं दार बंद व्हायला लागतं, तेव्हा मुलीला बाहेर पडता यावं म्हणून बोकड ते शिंगांवर तोलून धरतो आणि स्वतः आत राहून जातो. सिनेमात मात्र दोघंही हातात हात घालून बाहेर येतात आणि सगळं गाव नाचतं.

“पोरांशी खोटं बोलायचं नसतं,” बाई म्हणत. “त्यांना सगळं झेपतं. न झेपणारे असतात ते मोठे.” सिनेमा काढणाऱ्या कंपनीला त्यांनी आजवर अठरा पत्रं पाठवली होती.

अशात ग्रंथपाल साहेबांनी हाच सिनेमा वाचनालयाच्या नव्या सभागृहात दाखवायचं ठरवलं, तेही शनिवारी चार वाजता, म्हणजे बाईंच्या गोष्टीच्या तासाला. साहेब बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि त्यांचा आवडता शब्द ‘प्रतिसाद’.

“तुमच्या तासाला किती मुलं येतात, बाई? नऊ?”

“आठ. नववा पंख्याखाली बसायला येतो.”

“बघू या शनिवारी किती येतात ते. मग गोष्टीच्या तासाचं काय करायचं ते ठरवू.”

म्हणजे काय ते बाईंना कळलं. एकोणतीस वर्षांचा तास एका नाचऱ्या बोकडाच्या खुराखाली जाणार होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग गिळून त्यांनी सुरुवातीला प्रास्ताविकाची पाच मिनिटं मागितली. साहेबांनी खुशीत दिली.

शनिवारी एकशेचाळीस मुलं आली. बाईंनी दोनदा मोजली, कमी भरतील या आशेनं. साहेबांनी स्वतःच बारा मिनिटं भाषण केलं, नव्या पडद्याची लांबीरुंदी सांगितली, मग घड्याळ पाहून म्हणाले, “बाई आता दोन शब्द बोलतील.” बाईंनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि दिवे गेले. सिनेमा सुरू झाला होता.

बाई अंधारात माइक धरून तशाच उभ्या राहिल्या. सोळा वर्षांपूर्वी बढती हुकली तेव्हाही त्या एवढ्या चिडल्या नव्हत्या.

पडद्यावर ढग आले, घर आलं, शिंपी आला. शिंप्याचं तोंड हललं, पण आवाज आला नाही. मुलगी आली. तीही मुकी. मुलांत चुळबुळ सुरू झाली. साउंडवाला वायरींच्या गुंताड्यात गुडघ्यांवर बसून या भोकातली पिन त्या भोकात घालत होता.

“काय झालं?” साहेब कुजबुजले.

“माझं सगळं ओके आहे, साहेब. कॉपीतच आवाज नाही.”

“मग आता?”

“आता काय, बघायचं नुसतं.”

एकशेचाळीस मुलं नुसतं बघत बसत नाहीत. मागच्या रांगेतून शिट्टी आली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. इकडेतिकडे बघताना त्यांना बाई दिसल्या आणि बाईंच्या हातातला माइक दिसला.

“बाई, तुम्हाला गोष्ट पाठ आहे ना?”

“पाठ आहे,” बाई म्हणाल्या.

“मग सांगा की. चित्रं चालू आहेतच.”

कुठली गोष्ट, हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

पडद्यावर बोकड टोपी घालून आला आणि चारी पायांवर थिरकायला लागला. बाईंचा आवाज सभागृहात घुमला, “हा बोकड. म्हातारा आहे. पायाला मुंग्या आल्यात म्हणून झटकतोय.”

मुलं हसली. “पण तो गातोय,” पुढचं कुणीतरी म्हणालं.

“तोंड उघडलं म्हणजे माणूस गातोच असं नाही. तक्रार करतोय तो. जेवण वेळेवर मिळालं नाही.”

बोकडानं मुलीला मिठी मारली. “तिच्या फ्रॉकची बाही खाता येईल का ते बघतोय,” बाई म्हणाल्या. बोकड चंद्राकडे बघून डोळे मिटतो असं एक लाडकं दृश्य होतं. तिथं त्याला शिंक येत होती, पण आली नाही, म्हणून तो जास्तच चिडला. मुलं खुर्च्यांवरून घसरायला आली. दुसऱ्या रांगेत मुलीला घेऊन बसलेल्या दातांच्या डॉक्टरांना सिनेमा तोंडपाठ होता. त्यांनी गाण्याच्या जागी गाणं म्हणायला सुरुवात केली.

“मध्येच कुणाची तरी दाढ दुखतेय,” बाई माइकवरून म्हणाल्या. त्यांना माणूस ठाऊक होता. डॉक्टर गप्प झाले, पण खवळून.

दाराशी उभे असलेले साहेब प्रतिसाद बघून हरखले होते. आणि अशा रीतीनं, अर्ध्या सभागृहाच्या हसण्यावर तरंगत, गोष्ट दारापाशी आली.

पडद्यावर दोघं पळत होती. ढगांचं प्रचंड दार हळूहळू मिटत होतं. बाईंनी आवाज खाली आणला.

“दार फार जड होतं. बोकडानं त्याला शिंगं लावली. त्याचे पाय थरथरायला लागले. तो म्हणाला, ‘जा. आणि मागे वळून बघू नकोस, मला ते आवडत नाही.’ ती गेली. दार बंद झालं. बोकड आतच राहिला.”

पडद्यावर बोकड बाहेर येऊन टोपी उडवत होता.

“पण तो तर दिसतोय,” एक मुलगा म्हणाला.

“तिला दिसतोय,” बाई म्हणाल्या. “आपलं कुणी गेलं की काही दिवस असं दिसतं.”

मग तिसऱ्या रांगेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीनं बारीक सूर लावला. रडणं जांभईसारखं असतं, एकाकडून दुसऱ्याकडे जातं. मिनिटाभरात एकशेचाळीस मुलं रडत होती, आणि पडद्यावर सगळं गाव नाचत होतं.

दिवे लागले. आईबाप उभे राहिले.

“अहो, सुटीचं जरा हसायला आणलं होतं पोरांना,” एक आई दोन्ही खांद्यांवर दोन मुलं घेऊन म्हणाली.

“तुम्ही बोकड मारलात,” डॉक्टर म्हणाले. दाढेचा राग त्यांनी आत्तापर्यंत राखून ठेवला होता.

“मी नाही मारला. पुस्तकात तसंच आहे.”

“पुस्तकात काही का असेना. बोकड परत आणा, बाई,” साहेब दातओठ खात म्हणाले. “आत्ता.”

“ते माझ्या हातात नाही.”

“ठीक आहे. मग गोष्टीचा तास कुणाच्या हातात आहे ते सोमवारी सांगतो.”

बाई भडकल्या. “शिपाई, वरच्या कपाटातून बोकडाचं पुस्तक आणा. शेवट मोठ्यानं वाचून दाखवते सगळ्यांना. बघू कोण खोटं बोलतंय.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाई सहा वर्षांच्या असताना गोवर येऊन अंथरुणात होत्या आणि ते पुस्तक त्यांना त्यांच्या अकरा वर्षांच्या दादानं वाचून दाखवलं होतं. बोकड आत राहिला तेव्हा त्या इतक्या रडल्या की आईला वाटलं, गोवर उलटला. पुढे त्यांनी ते पुस्तक कितीदा वाचलं याला गणती नाही, पण दर वेळी दार बंद व्हायला लागलं की पुस्तकही बंद. त्यापुढे त्यांना वाचवतच नसे. गोष्टीच्या तासालाही शेवट त्या आठवणीतूनच सांगत. आठवण पक्की होती. शेहेचाळीस वर्षांत तिला धक्का लागला नव्हता.

पुस्तक आलं. बाईंनी दाराचं पान काढलं. दार पानाच्या तळाशी बंद होत होतं. त्यांनी झोकात पान उलटलं आणि पुढे मजकूर दिसला. त्यांनी आणखी एक पान उलटलं. त्यापुढेही होता. चांगली चार पानं.

बाईंनी ती मनात वाचली. मग पुस्तक मिटलं, “दोन मिनिटं,” म्हणाल्या आणि सभागृहाबाहेरच्या बोळात जाऊन त्यांनी दादाला फोन लावला.

“दादा, बोकड.”

“कुठला बोकड? तुला बरं नाहीये का?”

“ढगातला. गोवर आला होता तेव्हा तू वाचून दाखवलेला. दार बंद झाल्यावर काय होतं?”

दादानं जरा आठवून पाहिलं. “तो ढग खातो ना? तीन दिवस दार कुरतडतो आणि दाढीला कापूस लावून घरी येतो. मस्त आहे ते.”

“तू मला सांगितलंस, तो आतच राहिला.”

“असेल.”

“असेल? का?”

“अगं, चार पानं उरली होती. खाली पोरं हाका मारत होती, माझी बॅटिंग होती. तू काही झोपेनास. म्हटलं, संपवून टाकू.”

“मी रडले होते, दादा.”

“हो ना. त्यामुळे आणखी दहा मिनिटं गेली.”

“अठरा पत्रं लिहिली मी सिनेमावाल्यांना. अठरा.”

“उत्तर आलं का?”

बाईंनी फोन बंद केला. एवढा राग आयुष्यात आला नव्हता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. सिनेमावर काढावा, तर सिनेमा निदान बोकडाला घरी आणण्यापुरता तरी खरा. साहेबांवर काढावा, तर त्यांनी बोकडच परत मागितला होता. दादावर काढावा, तर तो सत्तावन्न वर्षांचा, रक्तदाबाचा, आणि गुन्हा अकराव्या वर्षीचा.

पण बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या आत गेल्या. “माझं चुकलं,” असं त्या माइकवर म्हणाल्या तेव्हा शिपायानं भिंतीचा आधार घेतला. मग त्यांनी चारही पानं नीट वाचून दाखवली. बोकड ढग कसा खातो, चवीबद्दल कशी कुरकुर करतो, तिसऱ्या दिवशी शिंप्याच्या दारात कसा येतो आणि पहिलं वाक्य काय बोलतो: “दार कुणी लावलं?”

वाचून झालं. त्यांनी मान वर केली. कुणी हसलं नाही. टाळी तर नाहीच.

तिसऱ्या रांगेतली मुलगी उभी राहिली. नाक लाल झालं होतं. “हे खरं नाहीये.”

“खरं आहे. हे बघ, इथं छापलंय.”

“मला वाचता येत नाही.”

“अगं, पण मी वाचलं ना आत्ता.”

“तुम्ही बाहेर जाऊन फोनवर विचारून आलात,” मुलगी म्हणाली. “ढग कुणी खातं का?”

“आमचं मांजर पण मावशीकडे राहायला गेलंय असंच सांगितलं होतं,” मागून एक मुलगा म्हणाला. त्याच्या आईनं खाली बघितलं. मग कुणाचा मासा निघाला, कुणाचा पोपट. प्रकरण हाताबाहेर जातंय असं बघून साहेब पुढे झाले.

“मुलांनो, बोकड खरंच परत येतो. मी सांगतो ना.”

साहेबांनी सांगितल्यावर जो काही थोडा संशय उरला होता तोही फिटला. बोकड गेला, हे नक्की झालं. मुलगी पुढे आली आणि तिनं बाईंचा हात थोपटला.

“असू दे, पुस्तकबाई. तुम्ही आधी सांगितलं तेच खरं. आम्हाला झेपतं.”

पुढचा आठवडाभर बाई कुणावर ओरडल्या नाहीत. जेवणाच्या सुटीतही त्या कपाटांपुढे स्टुलावर बसून एकेक पुस्तक काढत होत्या आणि फक्त शेवटची पानं वाचत होत्या. साहेबांनी सोमवारी काही सांगितलं नाही, मंगळवारीही नाही. आईबापांच्या तक्रारींचे सात अर्ज टेबलावर घेऊन ते शनिवारची वाट बघत होते.

शनिवारी चार वाजता गोष्टीच्या तासाला त्रेसष्ट मुलं आली. साहेबांनी दारात उभं राहून स्वतः मोजली, अर्जांची घडी केली आणि खिशात घातली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलं जमिनीवर बसली. अगदी पुढे ती तिसऱ्या रांगेतली मुलगी, मांडी घालून, हातात रुमाल तयार ठेवून.

“पुस्तकबाई,” तिनं विचारलं, “आज कोण मरणार आहे?”

“नीट बस आधी,” बाई म्हणाल्या. “आज मी शेवट वाचून आलेय.”