पाच गाठोडी आणि मधाची जिलबी

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होते. तुम्ही म्हणाल, अस्वल जंगलात नाही तर काय बँकेत राहणार? बरोबर आहे. पण या अस्वलाला राजधानी बघायची होती, आणि तीही पायी. म्हणून त्याची गोष्ट.

त्याचे नाव केरबा. बोरखेडी नावाच्या वस्तीत तो आमराईची राखण करी. आंब्यांच्या राखणीला अस्वल कोणी ठेवले, हे विचारू नका. सरपंचांनी ठेवले होते, आणि सरपंचांना कोणी काही विचारत नसते.

राजधानी दोन दिवसांच्या वाटेवर होती. तिथे वनराजांचा सिंहदरवाजा होता. हत्तीतलाव होता. एक आरसेगुहा होती. तिच्यात डोकावले की सशालासुद्धा आपण वाघ आहोत असे वाटते म्हणे. आणि दरवाज्याच्या उजव्या अंगाला एक म्हातारा वानर मधाची जिलबी तळत असे. सूर्य मावळला की कढई खाली, हा त्याचा नेम होता.

केरबाचे वडील तरुणपणी एकदा राजधानीला जाऊन आले होते. जिलबी मात्र त्यांना मिळाली नव्हती. नुसता वास आला होता.

"काय वास होता रे केरू!" एवढे म्हणून ते डोळे मिटत. शेवटच्या आजारपणातही त्यांनी तेच म्हटले आणि डोळे मिटले. केरबाच्या मनाला ते फार लागून राहिले होते. वडिलांच्या वाटणीची जिलबी आपण खाऊन यायची, असे त्याने ठरवले होते.

ती त्यांना का मिळाली नाही, हे मात्र त्याने कधी विचारले नव्हते.

थंडीत आमराईत राखण्यासारखे काही नसते. केरबाने सरपंचांकडे पाच दिवसांची रजा मागितली. दोन दिवस जायला, दोन यायला, आणि मधला एक दिवस राजधानी. सरपंच रानडुक्कर होते, पण मनाने बरे. त्यांनी रजा दिली आणि सोबत बोरांची एक पाटी दिली.

"आमच्या व्याह्यांकडे तेवढी टाका. तुमच्या वाटेतच आहे."

मुलांनो, 'वाटेतच आहे' हे शब्द कानावर पडले की पळत सुटावे. केरबा उभा राहिला.

मग सगुणाबाई साळिंदर लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "माझ्या बहिणीला द्या हो भावजी. वाटेतच आहे." मग वानरगुरुजी आले. त्यांच्या साडूला एक पत्र द्यायचे होते, आणि पत्राबरोबर चार वह्या. भेकरीण काकूंनी लेकीसाठी पापड दिले. शेवटी दगडू कासव आला. तो आदल्या दिवशीच घरून निघाला होता, म्हणून वेळेवर पोचला. त्याच्या पाठीवर गोधडी होती.

"आमच्या बयाआत्यासाठी," दगडू म्हणाला. "तिला थंडी बाधते. सिंहदरवाज्यासमोरच राहते बघा."

गाठोडी देताना प्रत्येकाने एकेक वाक्य जोडले. "आणि खाल्ल्याशिवाय उठू नका हं."

कारण बोरखेडीची तशी रीतच होती. ज्याच्या घरी निरोप न्यायचा, त्याच्या घरी पोटभर खायचे. नाही खाल्ले तर त्या घराचा अपमान. परत आल्यावर पारावर उभे राहून सांगायचे, कोणी काय खाऊ घातले. मग कोणाची बहीण किती मायेची, कोणाचे व्याही किती चिकट, यावर वस्ती पुढचे चार महिने बोलत असे.

दोन दिवस चालून, तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता केरबा राजधानीत शिरला. रस्ते रुंद होते. दोन्ही बाजूंना खाण्याची दुकाने होती. कुठे उंबरांची भजी, कुठे मोहाच्या पोळ्या, कुठे बांबूच्या कोंबांची झणझणीत उसळ. केरबाच्या तोंडाला पाणी सुटले. पण बाहेर खाल्ले तर घरोघरी काय खाणार? त्याने नाक मुठीत धरले आणि बरणीचे घर शोधले.

सगुणाबाईंच्या बहिणीने त्याला पाट दिला, गावाकडची चौकशी केली आणि पोहे केले. पोह्यांना मी नावे ठेवत नाही. चांगले होते. शेंगदाणे होते, वरून खोबरे होते.

"हत्तीतलाव इथून लांब आहे का हो?" केरबाने विचारले.

"जवळच असावा," ती म्हणाली. "आम्ही इथलेच ना, त्यामुळे जाणं होत नाही. अजून घ्या."

गुरुजींच्या साडूने पत्र वाचले, वह्या ठेवून घेतल्या आणि आत हाक मारली, "अहो, पोहे टाका!" भेकरीण काकूंची लेक म्हणाली, "आईकडचं माणूस तसंच कसं पाठवू?" आणि तिनेही पोहे टाकले. तिच्या मागच्या दारातून, चिंचेच्या फांदीआडून, आरसेगुहेचा एक कोपरा दिसत होता. केरबाने तो पोहे चावता चावता पाहून घेतला.

सरपंचांच्या व्याह्यांकडे तर बोलायची सोयच नव्हती. व्याही म्हणजे व्याही. त्यांनी दोनदा वाढले, तिसऱ्यांदा शपथ घातली आणि मग चुलतभावांना भेटवले. केरबा बाहेर पडला तेव्हा उन्हे उतरली होती. पोट तंबोऱ्यासारखे झाले होते. आणि राजधानीतले त्याने त्या एका कोपऱ्याखेरीज अजून काहीही पाहिले नव्हते.

एकच गाठोडे उरले होते. ते घेऊन तो सिंहदरवाज्यासमोर आला आणि एकदम थबकला.

वास आला.

तुपाचा आणि गरम मधाचा वास. केरबाने आपोआप डोळे मिटले. वडील आठवले. वडील इथेच उभे असणार, आणि त्यांच्याही काखेत असेच कोणाचे तरी गाठोडे असणार, हे त्याला तेव्हा कळले.

रस्त्याच्या पलीकडे म्हातारा वानर कढईपाशी बसला होता. रस्त्याच्या अलीकडे बयाआत्या दारात उभी होती.

"दगडूकडून आलास? ये, ये. बस. पोहे करते."

आत्या आत वळली. मुलांनो, कासवाला नुसते वळायला किती वेळ लागतो, ते तुम्ही पाहिलेच असेल. पोहे अजून भिजायचे होते. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता.

"आत्या," केरबा म्हणाला, "पोहे राहू द्या. समोर जिलबी आहे."

"बाहेरचं? माझ्या दारातून पाहुणा बाहेर जाऊन खातो, असं बोरखेडीला कळलं तर?"

"तुम्ही कधी खाल्लीत ती?"

आत्या थांबली. थांबायला तिला वेळ लागला नाही.

"साठ वर्षं वास घेतेय," ती हळूच म्हणाली. "एकटीनं काय जायचं? म्हटलं, कोणी पाहुणा आला की त्याच्याबरोबर जाऊ. पण पाहुणा आला की पोहे करावे लागतात."

केरबाने तिच्याकडे पाहिले. मग सूर्याकडे पाहिले. मग त्याने बोरखेडीच्या इतिहासात कोणी केले नव्हते ते केले. गोधडी खाली टाकली, आत्याला उचलून काखेत धरले आणि तो पळत सुटला.

"अरे, चूल पेटलीय!" आत्या ओरडली.

"पेटू द्या!"

वानर कढई उतरवतच होता. तळाशी एक मोठी जिलबी उरली होती. दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली. आत्याच्या डोळ्यांतून पाणी आले. केरबाच्याही आले. आपल्या अर्ध्यातले शेवटचे वेढे त्याने वडिलांच्या नावाने खाल्ले, आणि ते सगळ्यात गोड लागले. मग दोघे बोटे चाटत पायरीवर बसून राहिले.

केरबा परत आल्यावर बोरखेडी पारावर जमली.

"माझ्या बहिणीनं काय केलं?" सगुणाबाईंनी विचारले.

"पोहे."

"शेंगदाणे होते?"

"होते. खोबरंसुद्धा."

सगुणाबाईंनी चौफेर पाहिले. गुरुजींचे साडू, काकूंची लेक, सरपंचांचे व्याही, सगळे उत्तम गुणांनी पास झाले. सिंहदरवाज्याची उंची कोणी विचारली नाही. मग दगडू पुढे सरकला.

"आणि आमच्या आत्यानं?"

केरबाला खोटे बोलता आले असते. पण जिभेवर अजून मध होता.

"आत्याकडे काही खाल्लं नाही. आम्ही दोघं बाहेर गेलो आणि जिलबी खाल्ली."

दगडूने मान कवचात ओढून घेतली. ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आली.

"म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढलं!" काकू म्हणाल्या.

"पेटलेल्या चुलीवरून उठवलं!" सगुणाबाई म्हणाल्या.

सरपंचांनी घसा साफ केला आणि निकाल दिला. "केरबा, आजपासून तुमच्याकडे वस्तीतलं कोणीही गाठोडं देणार नाही. पत्र नाही, पापड नाही, साधा निरोपसुद्धा नाही. तुमचं नाव गेलं."

केरबा खाली मान घालून घरी आला. दार लावले. आणि उशीत तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसला.

पुढच्या थंडीत तो पुन्हा राजधानीला गेला. हात रिकामे, पोट रिकामे. सगळ्यात आधी तो बयाआत्याकडे गेला, कारण तिच्याकडे जा असे त्याला कोणीही सांगितले नव्हते. मग तिला काखेत घेऊन त्याने सबंध शहर पायी पालथे घातले. भजी झाली, मोहाच्या पोळ्या झाल्या, हत्तीतलाव झाला. आरसेगुहेत डोकावून आत्या म्हणाली, "अगंबाई, मी एवढी उग्र दिसते?" आणि दिवसभर खूश राहिली.

केरबा परतला त्या रात्री त्याच्या दारावर हलकेच थाप पडली. बाहेर वानरगुरुजी होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"केरबा, आम्हीही राजधानीला जावं म्हणतोय. एक सांगा. तुमचं नाव गेलं ते नेमकं कशानं? सुरुवात कुठून करावी?"

त्यांच्या मागे सगुणाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे काकू. आणि पार लांबवर, अंधारात, आदल्या दिवशीच निघालेला दगडू येत होता.

तात्पर्य : चांगले नाव फार दिवस सांभाळू नये. ते वेळेवर गेले, तर जिलबी मिळते. नाही गेले, तर जन्मभर वासावर भागवावे लागते.