मयत इसम हजर आहे

मैंदर्गीकर अण्णा कुणालाही वाक्य पुरं करू देत नाहीत. समोरचा माणूस निम्म्यात असतो, तोवर अण्णा 'हरकत आहे' म्हणून उभे राहिलेले असतात. साक्षीदार असो, न्यायाधीश असोत किंवा बायपास होऊन आलेल्या मित्राला पथ्य सांगणारा डॉक्टर असो, अण्णांना फरक पडत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात भटजींनी मुहूर्ताची वेळ सांगायला सुरुवात केली, तेव्हाही मांडवाच्या मधल्या रांगेतून हरकत आली होती. भटजींचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. अण्णांचं म्हणणं खरं निघालं, म्हणून ते रेकॉर्डवर घ्यावं लागलं.

'रेकॉर्डवर घ्या' हे त्यांचं दुसरं पालुपद. चहा चांगला झाला, रेकॉर्डवर घ्या. पंखा फिरला, रेकॉर्डवर घ्या. कोर्टात खटल्याचा रोजनामा असतो, रोज काय घडलं त्याची नोंद. अण्णा तसाच एक रोजनामा बाररूमचाही ठेवतात, खिशातल्या छोट्या वहीत. कोण किती वाजता आलं, कुणाची केस गेली, कोण गप्प बसून होतं. जे लिहिलं गेलं नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा कायदा आहे.

मी सोलापूरच्या वकिलांच्या संघटनेचा पुष्कळ वर्षं सचिव होतो. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. वर्षाकाठी मी एकदा संघटनेचा वार्षिक अहवाल लिहायचो, आणि वर्षाकाठी एकदा अण्णा त्याच्या चिंध्या करायचे. मी लिहायचो, 'वर्षभर कामकाज सुरळीत पार पडले.' सुरळीत या शब्दापाशी अण्णा उभे. लायब्ररीच्या दारालगतचा पंखा अकरा दिवस बंद होता, त्याचं काय? एकदा मी वाचलं की मंगळवेढ्याच्या कायदेविषयक शिबिराला ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला. अण्णांनी खिशातून वही काढली.

"हरकत आहे. एसटी दीड तास लेट होती, आन सावली फक्त आपल्याच मांडवात होती. बस आली तसा प्रतिसाद उठून गेला की."

सभागृह हसून लोळलं. अहवालात मी 'उत्स्फूर्त' खोडून 'समाधानकारक' केलं. त्यावरही पुढच्या वर्षी हरकत आली.

पण अण्णांवर रागावणं कुणालाच जमलं नाही, कारण त्यांचा डबा. चार पुडांचा पितळी डबा दुपारी बाररूमच्या खिडकीपाशी उघडायचा. कडक भाकरी, दही आणि खलबत्त्यात कुटलेली तेल सुटलेली शेंगाचटणी. डबा अण्णांचा, पण त्यात माणसं सात-आठ जेवायची. त्यांच्या पत्नी गौराबाई हे सगळं सकाळी करून पाठवत. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. खरं तर आमच्यातल्या फार थोड्यांनी त्यांना पाहिलं होतं. चटणीची चव मात्र सगळ्यांना पाठ होती. मी स्वतः तीसेक वर्षं ती चटणी खाल्ली आहे आणि एकाही अहवालात तिचा उल्लेख केलेला नाही.

हे लिहायला बसलो ते गेल्या वर्षीच्या अहवालासाठी. त्यातली चूक माझी आहे. वर्षभर ती मी क्लार्कच्या नावावर खपवली.

आमची वार्षिक सभा उन्हाळ्याची सुट्टी संपून कोर्ट उघडलं की पहिल्या शनिवारी होते. सुट्टीत मी पुण्याला मुलाकडे होतो. अहवाल लिहायचा राहिला होता, म्हणून परतीच्या गाडीत लिहायला घेतला. जेऊर गेल्यावर श्रद्धांजलीच्या परिच्छेदापर्यंत आलो. संघटनेचा क्लार्क व्यंकटेश, त्यानं वर्षभरातल्या दिवंगतांच्या यादीचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. दोन ज्येष्ठ सभासदांची नावं मला माहीतच होती. मग खाली लिहिलं होतं, 'मैंदर्गीकर. लिंगैक्य, मे महिना. मुक्काम मैंदर्गी.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. आणि खोटं कशाला सांगू, त्याच पाण्यातून असंही मनात आलं की यंदा अहवाल हरकतीशिवाय मंजूर होणार. त्या विचाराची मला एवढी लाज वाटली की मी अण्णांवर अर्ध्याऐवजी पूर्ण पान लिहिलं. घरी एक फोन करायला हवा होता. सभा झाली की स्वतःच मैंदर्गीला जाऊन येऊ, असं ठरवलं आणि कुर्डूवाडीला चहा घेतला.

शनिवारी मी उशिरा पोहोचलो आणि थेट व्यासपीठावर गेलो. कागदात डोळे घालून वाचत होतो. अण्णा कधी आले आणि मागच्या रांगेत बसले, मला कळलं नाही. "आपल्या परखड हरकतींनी ज्यांनी ही संघटना जागती ठेवली ते कैलासवासी मैंदर्गीकर" असं मी गहिवरून वाचलं. सभागृहात खसखस झाल्यासारखं वाटलं. मला ते हुंदके वाटले. सगळ्यांना मी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. मीही डोळे मिटले.

दोन मिनिटं संपली आणि मागून आवाज आला.

"हरकत आहे. मयत इसम हजर आहे. रेकॉर्डवर घ्या."

पुढचा अर्धा तास सभा चाललीच नाही. एकजण खुर्चीवरून घसरला. अध्यक्षांनी हसू दाबत मयताची ओळख पटवायला सांगितली, तेव्हा अण्णांनी दोन साक्षीदार उभे केले आणि आधारकार्ड दाखवलं. मग म्हणाले, तोंडी दुरुस्ती चालणार नाही, मी रीतसर अर्ज करीन.

सोमवारी अर्ज आला, प्रतिज्ञापत्रासह, वर कोर्ट फी स्टॅम्प लावून. मी तो बाररूममध्ये मोठ्यानं वाचला. 'कलम एक. अर्जदार हयात आहे. कलम दोन. हयातीचा पुरावा म्हणून, अर्जदाराने आज सकाळी दोन कडक भाकऱ्या खाल्ल्या.' एवढ्यावरच इतका गलका झाला की पुढचं वाचता आलं नाही. मी अर्ज फाइलला लावून टाकला. महिनाभर सगळे अण्णांना कैलासवासी म्हणत होते. कैलासवासी, चहा घेणार? कैलासवासी, तुमचा पुकारा झाला. अण्णाही तशी हाक आली की ओ देत.

व्यंकटेशला मी सगळ्यांदेखत झापलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, ते नाव रेघेच्या खाली होतं." मी म्हणालो, रेघबिघ मला सांगू नकोस.

त्या पावसाळ्यात डब्याची चव गेली. भाकरी कडेला जळलेली, चटणी कधी खारट तर कधी भुग्यासारखी कोरडी. एके दिवशी मी दहा जणांत म्हणालो, "काय अण्णा, वहिनी रुसल्यात वाटतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"हौदु," ते म्हणाले. 'हो' म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडून कानडी यायचं. "लई रुसल्यात. बोलतच न्हाईत."

सगळे हसले. अण्णांनी हसून माझ्या हातावर आणखी एक भाकरी ठेवली.

जानेवारीत, सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा चालू असताना, एका अर्जावर त्यांची सही हवी होती म्हणून मी सकाळी आठला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. अण्णा जमिनीवर फतकल मारून शेंगदाणे कुटत होते. खांद्यावर टॉवेल, कपाळावर भस्म, शेजारी ती छोटी वही उघडी. वहीत लिहिलं होतं, 'काल मीठ जास्त. आज अर्धा चमचा कमी.' भिंतीवर गौराबाईंचा फोटो होता आणि त्याला हार होता.

मी दारातच उभा राहिलो.

"आत या की," अण्णा म्हणाले. "चप्पल तितं काढा."

मे महिन्यात, गावी मैंदर्गीला असताना वारल्या, असं त्यांनी सांगितलं. दोन दिवसांचा ताप. मुलगा बेंगळुरूहून आला आणि आठ दिवसांनी परत गेला. अक्कलकोटकडचे दोघे-तिघे वकील भेटून गेले होते. त्यांना वाटलं, सचिवांना माहीत असणारच. मी विचारलं, मग सभेत का बोलला नाहीत? आम्ही सगळे तुमच्या तोंडावर हसत होतो.

अण्णांनी बत्ता खाली ठेवला.

"मी आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलंय का, वकीलसाहेब? त्या दिशी का होऊ दिलं? सगळा बार उभा होता. मी म्हणलं, ही दोन मिनिटं तिची हायत. ती होऊ द्यावीत. मग हरकत घ्यावी."

मग त्यांनी चमच्यावर चटणी घेऊन माझ्यापुढे धरली आणि विचारलं, बघा, आज जमलीय का. मी चाखली. जमली नव्हती. जमली म्हणालो. अण्णांनी वहीत काहीच लिहिलं नाही. माझं खोटं त्यांना कळलं असणार.

तिथून मी थेट संघटनेच्या कार्यालयात गेलो आणि फाइल काढली. व्यंकटेशची मूळ चिठ्ठी सापडली. दिवंगत सभासदांची नावं वर होती, मग पट्टीनं मारलेली सरळ रेघ, आणि रेघेखाली, ज्या सभासदाच्या घरचं कुणी गेलं त्यासाठी, 'घरी भेटीस जाणे' असं लिहून मैंदर्गीकरांचं नाव. मोबाइलच्या फोटोतही ती रेघ आणि ते शब्द होते, मीच पाहिले नव्हते. मग अण्णांचा अर्ज काढला. त्याला तिसरं कलम होतं. 'मयत कोण, याची सचिवांनी चौकशी करून तसे नमूद करावे, ही विनंती.'

सात महिने ती विनंती माझ्याच कपाटात पडून होती. मी व्यंकटेशची माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ द्या साहेब, आणि पट्टी घेऊन दुसरी यादी आखायला बसला.

छापलेल्या अहवालातली दुरुस्ती फक्त वार्षिक सभेत होते. म्हणून मी या जूनची वाट पाहिली. आता सचिव एक तरुण वकीलबाई आहेत. त्या छान वाचतात. श्रद्धांजलीचा परिच्छेद आला तसा मी उभा राहिलो.

"हरकत आहे."

सवयीनं सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते.

मी सांगितलं की गेल्या वर्षीच्या अहवालात जिथं अण्णांचं नाव आहे, तिथं गौराबाई मैंदर्गीकर असं वाचावं. चूक क्लार्कची नव्हती, माझी होती. या बाई संघटनेच्या सभासद नव्हत्या, पण या बाररूमला त्यांनी तीस वर्षं जेवू घातलं आणि अहवालानं त्यांची दखल कधी घेतली नाही. अण्णांनी मला एकदाही मध्ये तोडलं नाही. मी खाली बसलो, तेव्हा ते उठले.

"जेवू घातलं, असं मोघम नको. शेंगाचटणी म्हणा."

"शेंगाचटणी," मी म्हणालो.

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उघडलं. नियमात फक्त सभासदांना श्रद्धांजली आहे. त्यांनी वर पाहिलं तेव्हा खिडकीपाशी जेवणारे सात-आठ जण आधीच उभे राहिले होते. मग पुढची रांग उठली, मग सगळं सभागृह. अध्यक्षांनी पुस्तक मिटलं आणि तेही उभे राहिले.

थोड्या वेळानं सचिवबाई हळू आवाजात 'धन्यवाद' म्हणाल्या. खुर्च्या सरकल्या. सगळे बसू लागले, अण्णा सोडून. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"हरकत आहे. एक मिनिट पन्नास सेकंदच झाल्यात. दहा राहिल्यात. रेकॉर्डवर घ्या."

कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणी. आणि ते हसू तोंडावर तसंच ठेवून आम्ही सगळे पुन्हा उभे राहिलो.