शिस्तीत आराम

नामदेवभाऊ गच्चीवर मिठाच्या पाण्याच्या टबात पाय बुडवून बसले होते. एप्रिल महिना, सकाळचे साडेदहा, डोक्यावर ओला दुपट्टा. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत या वेळी कोणी खिडकीही उघडत नाही. मला वाटलं, ऊन लागलं यांना.

"भाऊ, हे काय?"

"कोकणातला समुद्र खारा राहते ना. पायाले खाज सुटते का, ते पाहून राहिलो."

नामदेवभाऊ म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. पाटबंधारे खात्यात जन्मभर त्यांनी कालव्यांना पाणी सोडण्याचं वेळापत्रक केलं. निवृत्तीनंतर तेच घराला लावलं. "शिस्त पायजे गा," हे पालुपद. असा माणूस बायकोला घेऊन कोकणात आराम करायला जाणार, या बातमीनंच गल्ली हादरली. त्यात नव्वदीची आई अंथरुणावर. तिचं सगळं करणाऱ्या शांतावहिनींना भाजीबाजाराच्या पलीकडे गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"आईंजवळ कोण राहणार?" मी विचारलं.

"व्यवस्था झाली."

अमरावतीची त्यांची बहीण येणार असेल, असं आम्ही समजलो. वहिनीही तेच समजल्या.

मग त्यांनी मला आरामाचा तक्ता दाखवला. पट्टीनं रेघा मारलेली चार पानं. 'साडेसहा : जाग येणे, पण न उठणे. आठ ते दहा : वाळूत बसणे. दहा ते बारा : बसणे चालू ठेवणे. चार ते पाच : कोणाशीही न बोलणे, ऐच्छिक.'

"भाऊ, हा आराम आहे का ड्युटी?"

"आराम बी शिस्तीत करा लागते गा. नाहीतर माणूस तिथं बी भांडे घासाले बसते."

पुढचा महिना धक्क्यांचा गेला. खोबरेल तेलातली भाजी त्यांनी आठवडाभर खाऊन पाहिली. मोबाइलवर लाटांचा आवाज लावून दुपारी झोपून पाहिलं. जिथं उतरायचं, तिथल्या मालकिणीला फोन करून पायऱ्यांची उंची मोजायला लावली.

"गुडघे दुखतात," मला म्हणाले.

"तुमचे?"

"घरातल्यांचे."

जायच्या दिवशी माझी बायको आईंजवळ बसली आणि मी सगळ्यांना स्टेशनवर सोडलं. वहिनींची लकडगंजला राहणारी बहीण मंदाताईही भाऊंच्या आग्रहानं सोबत निघाली होती. भाऊंनी बॅगा सीटखाली सरकवल्या, साखळीनं बांधल्या, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि खाली उतरले. पाणी घ्यायला असतील. गाडी हलली, तरी ते जागचे हलेनात.

"अवो, चढा ना!" वहिनी खिडकीतून ओरडल्या. "गाडी सुटून राहिली!"

"तू जाय वं. माह्यं तिकीटच नाही काढलं."

"काहून?"

उत्तर द्यायच्या आत डबा पुढे गेला. गजांतून बाहेर आलेला वहिनींचा हात तेवढा दिसत राहिला. मी दगडासारखा उभा. भाऊ मात्र घड्याळ बघत होते.

"अमरावतीच्या ताई?" परतताना माझ्या गाडीत बसल्यावर मी कसंबसं विचारलं.

"तिले विचारलंच नाही."

"वहिनी रडत होत्या हो."

"वर्धा येईपर्यंत रडन," ते म्हणाले. मी पाहिलं, तर त्यांचेच डोळे भरलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे डोकावलो. खांद्यावर टॉवेल टाकून ते आईला मऊ भात भरवत होते. अर्धा भात चादरीवर सांडला होता. आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. तिनं तोंड मिटून घेतलं आणि विचारलं, "तू कोन गा?"

भाऊंचा हात थांबला. मग त्यांनी तिची हनुवटी पुसली.

"आठ दिवसांसाठी आलो, माय. तुह्या सुनेच्या बदलीवर."

म्हातारीनं त्यांना बराच वेळ निरखलं.

"थे हळू भरवते," ती म्हणाली.

भाऊंनी चमच्यातला अर्धा भात वाटीत परत टाकला आणि उरलेल्यावर फुंकर घातली.