शेवटची बारा पानं

बुधवार पेठेतल्या दिगंबरपंतांना चांगली गोष्ट एकट्याने वाचून गप्प बसणं कधी जमलंच नाही. श्रीमंतांच्या दफ्तरात ते कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या मसुद्यांच्या नकला करायच्या आणि उरलेल्या वेळात कथांच्या पोथ्यांच्या, हा त्यांचा शिरस्ता. पोथी उतरवून झाली की ती कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. शेजाऱ्याला, श्राद्धाला आलेल्या भटजींना, न्हाव्याला, सगळ्यांना त्यांचा एकच आग्रह असे, ही वाचाच. (न्हाव्याला वाचता येत नव्हतं. त्याला ते दाढी होईपर्यंत तोंडीच सांगत, आणि तो वस्तरा जपून फिरवत असे.) लोक मान डोलावून पोथी नेत आणि महिन्याभराने ती फडक्याची गाठही न सोडता परत आणून देत.

घरची मंडळी, म्हणजे मंदाकिनीबाई, तर पंधरा वर्षांत एकाही गोष्टीत अडकल्या नव्हत्या. दफ्तरातून आल्यावर पंत वाचत, बाई तांदूळ निवडत. पण त्या वर्षी रत्नमाळेची कथा निघाली. मोत्यांच्या व्यापारासाठी समुद्रापार गेलेला नवरा परतत नाही, म्हणून रत्नमाळा पुरुषवेष करून त्याला शोधायला निघते, अशी ती कथा. तिसऱ्या दिवशी पंत पोथी बांधायला लागले, तेव्हा सुपातून मान वर न करता बाई म्हणाल्या, "मग?"

त्या एका शब्दाने पंतांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दफ्तरात शेजारी बसणाऱ्या श्यामसुंदरपंतांना गाठलं. श्यामसुंदरपंत म्हणाले, सुरुवात काय, सगळ्याच पोथ्यांची चांगली असते. शेवट दाखवा, मग बोलू. पोथीची पानं सुटी, दोन फळ्यांमध्ये फडक्याने बांधलेली. त्यामुळे असला मूर्खपणा करायला फारसा वेळ लागत नाही. पंतांनी शेवटची बारा पानं काढली आणि चव पाहायला म्हणून त्यांना देऊन टाकली. श्यामसुंदरपंतांनी ती आपल्या ओट्यावर बसून आळीला मोठ्याने वाचून दाखवली आणि दसऱ्याला फौजेबरोबर कर्नाटकात निघून गेले. पानं त्यांच्याच बोचक्यात. फौज परतणार ती पावसाळ्याच्या तोंडावर.

इकडे घरात रत्नमाळा गलबतावर चढली आणि पोथी संपली.

खरं सांगितलं, तर पंधरा वर्षांनी मिळालेला तो "मग?" जाणार.  पंतांनी गेल्या सालच्या पंचांगाची पानं फळ्यांमध्ये बांधली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतून बेधडक वाचायला सुरुवात केली. ओव्या कुठून आणणार? कवीने इथून पुढे साधी भाषा घेतली आहे, असं त्यांनी गंभीरपणे सांगून टाकलं.

कल्पनाशक्ती दफ्तरात वाढलेली, त्यामुळे गलबत लुटायला आलेल्या चाच्यांनी रत्नमाळेकडे आधी अर्ज मागितला, मग अर्जाची नक्कल, मग नकलेवर शिक्का. शिक्केवाला जेवायला गेलेला. रत्नमाळेने त्या सगळ्यांना अशा काही शब्दांत झापलं, की चाचे मुकाट्याने वल्ही मारायला बसले. (ते शब्द पंतांनी आदल्याच दिवशी स्वतः ऐकले होते, ओलं धोतर दोरीवर गोळा करून टाकल्याबद्दल.) नवरा मात्र सापडेना. मूळ कथेत तो कुठे सापडतो ते ठाऊक होतं, पण सापडला की गोष्ट संपणार, म्हणून पंत त्याला या बेटावरून त्या बेटावर पिटाळत राहिले. बाई रोज म्हणत, "मग?" आणि पंतांचा जीव भांड्यात पडे.

वैशाखात श्यामसुंदरपंत परतले आणि बारा पानं आणून हातात ठेवून गेले. आता लपवणं पंतांना पेलेना. घरात येऊन त्यांनी ती पानं बाईंपुढे ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "बिबवेवाडीचा गेनबा भाजी घेऊन येतो ना, तो श्यामसुंदरपंतांनी पानं वाचली त्या दिवशी त्यांच्या ओट्याशी टेकला होता. दिवाळीतच सांगितलंन मला. 'आवो, त्यो नवरा तर बंदरावरच हाय, उतरल्या उतरल्या गावतोय.' आणि पंचांग काय मला ओळखू येत नाही? दर एकादशीला मीच देते तुमच्या हातात."

"मग बोलली का नाहीस?"

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. "पोथी वाचताना तुम्ही पानाकडे बघत होता. पंचांग घेतल्यापासून माझ्याकडे बघून सांगायला लागलात. मला ते आवडलं."

पंतांचे डोळे भरून आले.  बाई पुढे म्हणाल्या, की हौदावरच्या बायकांनाही त्या रोज ऐकलेलं सांगतात. शेजारच्या सरोजिनीवहिनींनी तर ती गोष्ट माहेरीसुद्धा कळवली आहे. जन्मभर शिफारशी करून पंतांना जे साधलं नव्हतं, ते बाईंनी पाण्याच्या दोन खेपांत साधलं होतं.

"म्हणजे माझी गोष्ट सगळ्यांना आवडली?" पंतांनी उपरणं सावरलं. "मग आता शेवटही झोकदार करतो. उद्याच नवऱ्याला शोधून घरी आणतो."

"तेवढं नका करू," बाई घाईघाईने म्हणाल्या. "हौदावर सगळ्याजणींचं एकमत झालंय. तो घरी नाही, तोवरच तिला काही सुचतंय."