तारा तुटला तेव्हा म्हैस नव्हती

कार्तिक वद्य द्वादशी. झोडणी उरकून दिवेलागणीला मी खळं झाडत होते. शेजारी जनाकाकीच्या घरात सामसूम होती.

पूर्वी तसं नसे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिच्यात जनाकाकीएवढी खणखणीत बाई दुसरी नाही. धाकट्या जावेशी, सोनाकाकीशी, ती वर्षानुवर्षं म्हशीमार्फत बोलली. दोघी विधवा, एका घराचे दोन भाग, मधे गोठा. भांडण फणसावरून झालं होतं. पुढे फणस पडला, अबोला उभा राहिला.

"चंद्रे, इचार तिला, मीठ कुठं ठेवलाय?"

"चंद्रे, सांग तिला, मडक्यात हाय. डोळं हायत ना?"

चंद्री रवंथ करायची, संसार चालायचा. एकीच्या तापात दुसरीची पेजसुद्धा चंद्रीला सांगूनच आली. इतका नेटका अबोला मी दुसरीकडे पाहिला नाही.

श्रावणात चंद्री मेली आणि घर मुकं झालं.

तर मी झाडत असताना अंगण एकदम दिवसासारखं उजळलं. आंबेनळी घाटावरून हिरवट गोळा निघाला, शेपूट ओढत महाडकडे गेला आणि फुटला. मागून डोंगर गडगडले.

तारा तुटला की कुणीतरी जातं, असं आमच्याकडे मानतात. शाळेचे मास्तर म्हणाले, रशियाने आभाळात सोडलेला बनावट चंद्र पडला असेल.

"रशियात माझा कोन नाय," म्हणत जनाकाकी दारोदार निघाली. "हायस का गो?" घराघरातून ओ आली. राहिलं सोनाकाकीचं दार. आत दिवा नव्हता.

काकीने तोंड उघडलं, मिटलं. मग माझं मनगट धरलं.

"तू म्हस हो थोडी."

"काय?"

"गप उभी ऱ्हा गो. चंद्रे, इचार तिला, जिती हाय का?"

आतून काही नाही. म्हैस बदलल्याचं आत कळायला वेळ लागला असावा.

"चंद्रे, सांग तिला," शेवटी आवाज आला, "मेले तरी तिला कळवायला येनार नाय."

काकी मटकन पायरीवर बसली. "त्वांड तसंच हाय," म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "श्रावनापास्नं आयकलं नव्हतं."

"आन् सांग, गार पायरीवर बसू नको म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या म्हशीची पारडी सोडली आणि चंद्रीच्या खुंट्याला बांधून आले. मला रोज म्हैस व्हायला वेळ नव्हता.